धर्म, व्यापार आणि रविवारची सुट्टी

चौकस (धागाकर्ता)

'अमुक धर्माचे देश श्रीमंत, तमुक धर्माचे गरीब, म्हणजे पाणी धर्मातच मुरतंय' या आशयाचे प्रतिसाद हल्ली दर दुसऱ्या धाग्यावर दिसतात. उत्तर द्यायला बसलं की ते मूळ लेखापेक्षा लांब होतं, म्हणून हा वेगळा संसार.

या युक्तिवादाचं खापर जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरच्या डोक्यावर फोडायची पद्धत आहे. १९०४-०५ मध्ये त्याने लिहिलं की कॅल्व्हिनच्या प्रोटेस्टंट पंथात मोक्ष कुणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलेलं असतं. आपलं नाव त्या यादीत आहे की नाही या धास्तीने माणूस स्वतःला कामाला जुंपून घेतो. यश मिळालं तर त्यात कृपेची खूण शोधतो. पण पैसा उधळणं पाप, म्हणून तो पुन्हा धंद्यातच घालतो. कल्पना इतकी देखणी आहे की खरी नसती तरी टिकली असती.

शंभर वर्षांनी साशा बेकर आणि लुडगर व्होसमन हे अर्थतज्ज्ञ (२००९) १८७१ च्या सुमाराची प्रशिया या जर्मन राज्यातल्या साडेचारशे जिल्ह्यांची आकडेवारी काढून बसले. प्रोटेस्टंट जिल्हे जास्त सधन होते हे खरंच निघालं. पण तिथे साक्षरताही जास्त होती, आणि साक्षरतेचा वाटा बाजूला काढला तर धर्माच्या खात्यावर फारसं काही उरेना. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं असा प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या ल्यूथरचा आग्रह. त्यासाठी १५२४ मध्ये त्याने जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना 'शाळा काढा' म्हणून जाहीर पत्र लिहिलं. त्याला माणसं स्वर्गात पाठवायची होती. ती वाटेत हिशेब लिहायला शिकली.

दाविदे कांतोनी हा अर्थतज्ज्ञ तर आणखी पुढे गेला. पवित्र रोमन साम्राज्यातल्या २७२ शहरांची १३०० ते १९०० अशी सहाशे वर्षांची वाढ त्याने तपासली. प्रोटेस्टंट शहरं कॅथलिक शहरांपेक्षा जास्त फुगली असं त्याला दिसलंच नाही.

आणि चीनचं काय? कन्फ्यूशियसच्या परंपरेतून आधुनिक भांडवलशाही उगवणार नाही, असं वेबरचंच म्हणणं. मग दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर धावायला लागले. १९८० च्या दशकात हेच कन्फ्यूशियन संस्कार (शिस्त, बचत, शिक्षणाची ओढ) प्रगतीचं रहस्य ठरले. १९९७ मध्ये आशियाई चलनं कोसळली आणि रातोरात तेच संस्कार वशिलेबाजीचं मूळ ठरले. जे औषध तापही आणतं आणि उतरवतंही, त्याबद्दल वैद्यालाच काही कळलेलं नाही असं आपण म्हणू.

माझं म्हणणं एवढंच, की धर्म काय शिकवतो यावरून अर्थव्यवस्थेचं भाकीत करता येत नाही. धर्म जाता जाता काय करून ठेवतो ते बघावं. वाचायला लावतो का, मेल्यावर मालमत्ता कशी वाटतो, परमुलखातल्या अनोळखी माणसाला उधार देण्याइतका भरवसा पुरवतो का. आणि या चर्चांत नेहमी राहून जाणारी दुसरी बाजू: व्यापार जगभर पसरला की धर्मही हलतो. कसा, ते जाणकारांनी लिहावं. 'आमचाच श्रेष्ठ' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहताहेत.

तिरकस

म्हणजे शाळा काढायच्या असतील तर आधी नरकाची भीती घालावी. नोंद घेतली. (हलके घ्या.)

चौकस

@तिरकस, हसण्यावारी नेऊ नका. रॉबर्ट बॅरो आणि रेचेल मॅक्लिअरी यांनी २००३ मध्ये बऱ्याच देशांची तुलना करून जवळजवळ हेच म्हटलंय. स्वर्ग-नरकावर विश्वास जास्त तिथे विकासदर जास्त, आणि प्रार्थनास्थळातली हजेरी जास्त तिथे कमी. म्हणजे श्रद्धा हा माल आणि हजेरी हा तो तयार करायचा खर्च. नरकाला घाबरा, पण त्यात दिवस घालवू नका!

विदाप्रेमी

त्या निष्कर्षाचं पुढे काय झालं तेही सांगा की. डरलॉफ, कुर्टेलोस आणि टॅन यांनी २०१२ मध्ये तो पुन्हा तपासला. विकासदराची इतर कारणं वेगवेगळ्या तऱ्हेने हिशेबात धरल्यावर तो टिकला नाही. देश मोजून शे-दीडशे आणि कारणं हजार. असल्या विदातून (म्हणजे आकडेवारीतून) ज्याला जे हवं ते काढता येतं.

आपल्याच घरचं उदाहरण घ्या. १९५० ते १९८० भारताचा विकासदर सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी त्याला उपरोधाने 'हिंदू विकासदर' म्हटलं. लोकांनी उपरोध सोडला आणि नाव तेवढं उचललं. कर्मसिद्धांत, वैराग्य, सगळं त्यात कोंबलं. पुढे दर जवळपास दुप्पट झाला. मधल्या काळात कुणी धर्म बदलला होता का? परवाना पद्धत बदलली होती.

निळावंती

धागा आवडला. 'मेल्यावर मालमत्ता कशी वाटतो' यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात पटलेलं स्पष्टीकरण तिथेच आहे. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञाने त्यावर बरंच काम केलंय.

इस्लामने व्यापाराला कमी लेखलं असं कुणीच म्हणू शकत नाही. पैगंबर स्वतः व्यापारी होते. हजार वर्षांपूर्वी बगदाद-कैरोच्या तुलनेत पॅरिस-लंडन किरकोळ होती. मग मागे पडायला नेमकं काय कारणीभूत झालं?

तिमूर कुरानचं उत्तर असं. इस्लामी वारसा कायद्यात मुलगे, मुली, बायका, आईवडील सगळ्यांचे हिस्से ठरलेले. त्या काळाच्या मानाने हा कायदा उदार, मुलींनाही वाटा देणारा. आता दोन व्यापाऱ्यांनी भागीदारी केली आणि एक मेला. भागीदारी तिथेच संपली. वारस आठ-दहा असले तर प्रत्येकजण आपला हिस्सा मोजून मागणार. साहजिकच शहाणा व्यापारी भागीदारी लहान ठेवी, एखाद्या सफरीपुरती ठेवी. जोवर सगळं जग असंच चालत होतं तोवर काही बिघडलं नाही. पण १६०० मध्ये इंग्रजांनी आणि १६०२ मध्ये डचांनी ईस्ट इंडिया कंपन्या काढल्या. या कंपन्यांत माणसं मेली तरी कंपनी मरत नव्हती. त्यांच्यापुढे ही सफरीपुरती भागीदारी कशी टिकणार?

दुसरी गोष्ट वक्फची, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची बाजूला काढलेल्या मालमत्तेची. सुलतानाने मालमत्ता जप्त करू नये म्हणून श्रीमंत लोक ती वक्फ करून ठेवत. दवाखाने, पाणपोया, मदरसे, सराया सगळं त्यातून चाले, हे फार मोठं काम होतं. पण वक्फनाम्यात लिहिलेला हेतू सहसा बदलता येत नसे. तीनशे वर्षांपूर्वी जी सराई गरजेची होती तिच्यातच पैसा अडकून पडला. रस्ता दुसरीकडून गेला तरीही!

म्हणजे ज्या नियमाने मुलीला वाटा दिला त्यानेच मोठं भांडवल साठू दिलं नाही. ज्या सोयीने गरिबाला दवाखाना दिला तिनेच पैसा बांधून ठेवला. यात धर्म वाईट कुठे आहे? आणि १८५० मध्ये ऑटोमन साम्राज्याने फ्रेंच धर्तीचा व्यापारी कायदा आणला, तेव्हा कुणाला धर्म सोडावा लागला नाही.

दर्यावर्दी

निळावंती, सुंदर प्रतिसाद, पण मला हे जरा जास्त सरळ वाटतं. हाच वारसा कायदा बगदादच्या भरभराटीतही होताच ना? मंगोलांचे हल्ले, मग समुद्रमार्ग युरोपच्या हातात जाणं, मग वसाहती... या सगळ्याचं ओझं एकट्या वारसा कायद्यावर का?

निळावंती

होता ना. जोवर स्पर्धेत कायमस्वरूपी कंपन्या नव्हत्या तोवर तो अडचण नव्हता, एवढंच म्हणतेय. वसाहतवादाचा मुद्दा मान्य. पण त्याच साम्राज्यातले ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू व्यापारी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पुढे गेले. त्यांना युरोपीय वकिलातींच्या संरक्षणाखाली दुसऱ्या कायद्याने व्यवहार करता येत होते. तोच सुलतान, तेच बंदर, फक्त कायदा वेगळा.

दर्यावर्दी

हं. हा मुद्दा जड आहे. विचार करतो.

तोवर भरवशाबद्दल. अकराव्या शतकात भूमध्य समुद्रावर माघरेबी (उत्तर आफ्रिकेकडचे) ज्यू व्यापारी होते, त्यांची पत्रं कैरोच्या एका सिनेगॉगच्या अडगळीत शतकानुशतकं पडून होती. सिसिलीतला अडत्या कैरोच्या शेठला फसवेल तर काय? अवनर ग्राइफ हा अर्थतज्ज्ञ म्हणतो की एकदा फसवणाऱ्याला त्या समाजातलं कुणीच पुन्हा काम देत नसे, त्यामुळे कोर्टाची गरजच नव्हती. (एडवर्ड्स आणि ओगिल्वी यांनी हे खोडलंय, म्हणतात की हे लोक बक्कळ कोर्टात जात होते. वाद अजून मिटलेला नाही.)

इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तसेच. शपथ घेणार नाहीत म्हणून सरकारी पदं बंद, विद्यापीठं बंद. उरला धंदा. दिवाळं वाजलं तर पंथातून बाहेर काढायचे, मग उधार देणाऱ्याला आणखी काय तारण हवं? बार्कलेज आणि लॉईड्स या बँकांची मुळं क्वेकर घराण्यांत आहेत. यात त्यांच्या श्रद्धेचा वाटा किती आणि बंद दारांचा किती, हे कुणी वेगळं करून दाखवलं तर मी आयुष्यभर वाचक राहीन त्याचा.

वाळवंटी

धाग्याच्या नावात सुट्टी आहे आणि सुट्टीबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून प्रतिसाद. मी आखातात बरीच वर्षं हिशेबाच्या खात्यात काढली.

पूर्वी तिथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. युरोपची शनिवार-रविवार. म्हणजे दोघंही कचेरीत आहेत असे दिवस उरले तीन: सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी दुपारी काही अडलं की ते सोमवारपर्यंत अडलंच. मग २००६ मध्ये अमिरातींनी शुक्रवार-शनिवार केला, सामाईक दिवस झाले चार. सौदीने हाच बदल २०१३ मध्ये केला. आणि २०२२ च्या जानेवारीपासून अमिरातींनी सरळ शनिवार-रविवार घेतला. शुक्रवारी अर्धा दिवस काम, आणि जुम्म्याच्या नमाजाचं प्रवचन देशभर सव्वाला सुरू होईल असं ठरवून दिलं. शारजाने मात्र शुक्रवारही सोडला नाही आणि तीन दिवसांची सुट्टी जाहीर केली.

बघा, नमाज कुणी बंद केला नाही. श्रद्धेला धक्का नाही. पण नमाजाची वेळ कामाच्या वेळापत्रकात बसवली गेली. माझ्या मते जागतिकीकरण धर्माशी असंच वागतं. वाद घालत बसत नाही, वेळापत्रक पाठवतं.

चौकस

@वाळवंटी, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. भर घालतो. तुर्कस्तानने शुक्रवार सोडून रविवार १९३५ मध्येच घेतला. जपानने १८७६ मध्ये सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी दिली, आणि तिथे तर ख्रिस्ती माणसं अगदीच मूठभर होती. चर्चमध्ये कुणाला जायचंच नव्हतं, ज्यांच्याशी व्यवहार करायचा ते त्या दिवशी बंद असत एवढंच.

उलटा प्रयोग सोव्हिएत रशियाने केला. १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा आणला. प्रत्येक कामगाराला एक रंग, ज्याच्या रंगाचा दिवस त्याची सुट्टी. यंत्रं एक दिवसही थांबायला नकोत आणि रविवार विसरला जावा, असे दोन पक्षी मारायचे होते. नवरा पिवळा आणि बायको हिरवी असली तर घरात एकत्र सुट्टीच नाही. यंत्रांना देखभालीला वेळ मिळेना. १९३१ मध्ये सगळ्यांना एकच सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आला, आणि १९४० मध्ये रविवार परत आला. देवाला हद्दपार करणाऱ्या सरकारलाही त्याची सुट्टी हटवता आली नाही.

तिरकस

नवरा पिवळा, बायको हिरवी! काही घरांत ही योजना अजून स्वागतार्ह ठरेल.

मुनीमजी

व्याजाचा विषय निघाला नाही याचं आश्चर्य वाटतं. निवृत्त बँकर असल्यामुळे हात शिवशिवतात.

११७९ च्या लॅटरन धर्मसभेने ठरवलं की उघड व्याजखाऊ माणसाला ख्रिस्ती दफन मिळणार नाही. पण व्यापार तर चालायलाच हवा. मग इटालियन सावकारांनी हुंडीचा रस्ता काढला. फ्लॉरेन्समध्ये फ्लोरिन घ्या, लंडनमध्ये पौंडांत फेडा. व्याज कुठे आहे? कुठेच नाही, विनिमयाच्या दरात विरघळलंय. पुढे १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी पेरुजात गरिबांसाठी गहाणपेढी उघडली. खर्चापुरता आकार घ्यावा की नाही यावर धर्मपंडितांत पन्नास वर्षं रण माजलं, आणि १५१५ मध्ये दुसऱ्या एका लॅटरन सभेने त्याला मान्यता दिली.

आता इस्लामी बँका घ्या. लोकांना वाटतं ही फार प्राचीन व्यवस्था आहे. इजिप्तमधल्या मीत गम्रची पहिली बचत बँक १९६३ ची. इस्लामिक डेव्हलपमेंट बँक आणि दुबई इस्लामिक बँक, दोन्ही १९७५ च्या, म्हणजे १९७३-७४ ला तेलाचे भाव चौपट झाल्यानंतरच्या. पैसा जगभर फिरायला लागला तेव्हा त्याला धर्माचा पोशाख हवा झाला. यात सगळ्यात चालणारा प्रकार मुराबहा: बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि तुम्हाला नफा लावून हप्त्याने विकते. कर्ज नाही, विक्री आहे. पण नफा किती लावायचा? तर वर्षानुवर्षं हा नफा लायबोरला, म्हणजे लंडनच्या बँका एकमेकींना ज्या दराने कर्ज देत त्या दराला, बांधलेला असे. व्याज हराम, पण मोजपट्टी व्याजाचीच.

यावर कुत्सित हसणारे पुष्कळ आहेत. मी नाही हसत. आपल्या मनाला पटेल अशा कागदावर सही करायला मिळते म्हणून जी माणसं एरवी बँकेची पायरीही चढली नसती ती आत आली. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारनेसुद्धा २० कोटी पौंडांचे सुकूक (इस्लामी धर्तीचे रोखे) विकले. ब्रिटिश सरकारचा धर्म बदलला का? गिऱ्हाईक बदललं.

विदाप्रेमी

@मुनीमजी, 'जी माणसं एरवी आली नसती' याला काही आधार? की बँकरचा अनुभव?

मुनीमजी

अनुभव. विदा तुम्ही आणा, मी चष्मा पुसून वाचतो.

अबोली

आतापर्यंत सगळे 'धर्माचा अर्थव्यवस्थेवर परिणाम' बघताहेत. मला उलट्या दिशेचं एक संशोधन सांगायचंय, जे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

इंडोनेशिया, १९९७-९८. वर्षभरात डॉलरचा भाव सुमारे २४०० रुपियावरून १५,००० च्या पलीकडे गेला. पगारदार माणूस घरबसल्या गरीब झाला. ज्यांच्याकडे विकायला स्वतःचा तांदूळ होता ते त्यामानाने सावरले. डॅनियल चेन या संशोधकाने बघितलं की ज्या घरांना फटका जास्त बसला त्यांचं कुराण पठणाच्या वर्गांना जाणं वाढलं, मुलांना इस्लामी शाळेत घालणंही वाढलं. इथवर कुणीही म्हणेल, संकटात देव आठवतो, त्यात काय नवल?

नवल पुढे आहे. ज्या ठिकाणी कर्ज मिळण्याची सोय होती तिथे हा परिणाम बराचसा ओसरला. म्हणजे पठणाच्या वर्गात नुसती शांती मिळत नव्हती. तिथे ओळखी होत्या, अडीनडीला हात होता. जो नियमित येतो, वेळ देतो, तो आपला माणूस, त्याला मदत करायची. धर्म तिथे विम्याचं काम करत होता. जिथे बँक उभी होती तिथे या विम्याची गरज कमी पडली.

म्हणून 'जागतिकीकरणाने धर्म मागे पडेल' आणि 'जागतिकीकरणामुळे धर्म उफाळून येतोय' हे दोन्ही दावे मला अर्धवट वाटतात. बाजार उघडला आणि खाली जाळं असेल तर एक होतं, जाळं नसेल तर दुसरं. पीटर बर्गरसारखा समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात धर्म ओसरणार म्हणत होता, त्याने १९९९ मध्ये उघडपणे सांगितलं की आमचं चुकलं.

पानगळ

अबोली, __/\__

पण मग अमेरिका? श्रीमंत, आणि तरी चर्च भरलेली.

अबोली

@पानगळ, नॉरिस आणि इंगलहार्ट म्हणतात की श्रीमंती बघू नका, असुरक्षितता बघा. अमेरिकेत आजारपण आणि नोकरी जाण्याची धास्ती पश्चिम युरोपपेक्षा जास्त. मला हे पूर्ण पटलेलं नाही. तिथे सरकारी पंथ नाही, त्यामुळे चर्चना गिऱ्हाइकासाठी धडपडावं लागतं, हेही कारण असावं. आणि हल्ली तिथलीही हजेरी घटतेय.

विदाप्रेमी

देशादेशांच्या तुलना सोडा, खरा प्रयोग बघा. फिलिपीन्समध्ये ब्रायन, चोई आणि कार्लन यांनी हजारो गरीब कुटुंबांमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरवलं की कुणाला ख्रिस्ती मूल्यांची शिकवणी मिळेल आणि कुणाला नाही. (शोधनिबंध २०२१ चा.) शिकवणी मिळालेल्यांची धार्मिकता वाढली आणि सहा महिन्यांनी कमाईही थोडी वाढलेली दिसली. पण समाधान वाढलं नाही, आणि 'आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत' असं विचारल्यावर त्यांनी स्वतःला पूर्वीपेक्षा खालच्या पायरीवर ठेवलं.

आणि याच्या अगदी उलट: कांपांते आणि यानागिझावा-ड्रॉट यांचं रमजानवरचं काम (२०१५). रमजान चांद्र वर्षाने सरकतो, त्यामुळे उन्हाळ्यात पडला तर विषुववृत्तापासून लांबच्या देशांत रोजा कितीतरी तास जास्त. जिथे रोजे लांबतात तिथे त्या वर्षी मुस्लिम देशांचा विकासदर घसरतो, आणि लोक मात्र जास्त समाधानी असल्याचं सांगतात. @चौकस, एकीकडे कमाई वाढली आणि माणूस स्वतःला खालचा समजायला लागला, दुसरीकडे दर घटला आणि माणूस खूश. तुमच्या 'जाता जाता काय करून ठेवतो' मध्ये हे कुठे बसतं?

चौकस

नाही बसत. प्रामाणिकपणे सांगतो, मी फक्त उत्पन्नाचाच विचार करत होतो. रोजा धरणारा माणूस ते तास वाया गेले असं समजतच नाही, आणि मी ते नुकसानीच्या रकान्यात टाकून बसलो होतो.

निळावंती

मग हजचंही टाका त्यात. पाकिस्तानात तेव्हा हजसाठी सोडत निघत असे, त्यामुळे नंबर लागलेले आणि न लागलेले यांची तुलना सरळ करता आली. क्लिंगिंगस्मिथ, ख्वाजा आणि क्रेमर यांनी २००६ च्या हजनंतर ती केली. जाऊन आलेले लोक नमाज-रोजे जास्त पाळायला लागले, गंडेतावीज कमी झाले. इथपर्यंत अपेक्षितच. पण इतर पंथांच्या आणि धर्मांच्या लोकांबद्दलही ते जास्त सहिष्णू झाले, मुलींच्या शिक्षणाला जास्त अनुकूल झाले. जगभरची माणसं एका मैदानात खांद्याला खांदा लावून उभी राहिल्याचा परिणाम असावा, असं ते म्हणतात. एखाद्या व्यापारी परिषदेने असं काही केल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

दर्यावर्दी

विचार करून परत आलो. निळावंती, ग्रीक-आर्मेनियन व्यापाऱ्यांचा मुद्दा मान्य, पण एक शंका राहते. त्यांना फक्त कायदा मिळाला नव्हता, वकिलातीचं संरक्षण म्हणजे करात सवलतही होती. मग पुढे नेलं कायद्याने की सवलतीने? क्वेकरांसारखाच गुंता आहे हा.

निळावंती

आहे खरा. सवलतीचा वाटा मोठा असणार. पण नुसती सवलत असती तर पहिल्या पिढीला फायदा झाला असता आणि मालक मेल्यावर पेढी मोडली असती. तिथल्या काही पेढ्या पिढ्यान् पिढ्या चालल्या, म्हणून माझं माप अजून कायद्याकडे झुकतंय. थोडंच.

तिरकस

ते सगळं राहू द्या. @चौकस, जपानने रविवार घेतला म्हणालात, पंचांग कधी बदललं?

चौकस

१८७३ ला, रविवारच्या आधी तीन वर्षं. जुन्या पंचांगाप्रमाणे त्या वर्षी अधिक महिना येत होता. सरकारने नुकतेच महिन्याचे पगार सुरू केलेले आणि तिजोरीत खडखडाट. नवं कॅलेंडर घेतल्यावर तेराव्या महिन्याचा पगार वाचला. शिवाय जुन्या वर्षाचा शेवटचा महिना दोनच दिवसांचा उरला, त्याचाही पगार दिला नाही.

तिरकस

म्हणजे आधुनिकतेची पहिली झळ कारकुनालाच!